गोष्ट ऐकल्याची परीक्षा नको

शिक्षक गोष्टीचं पुस्तक उघडतात तेव्हा मुलं सरसावून बसतात. पण गोष्ट संपते न संपते तोच प्रश्न येतो, ‘सांगा, यातून काय बोध घ्याल?’ मघाशी डोळे विस्फारून ऐकणारी मुलं खाली बघू लागतात. पुढच्या गोष्टीला ती धास्तावूनच बसतात. दिवसातली दहा मिनिटं तरी मुलांनी नुसती गोष्ट ऐकावी, त्यांना काही विचारू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रकटवाचन म्हटलं की बहुतेक वर्गांत मुलं पाळीपाळीने एकेक परिच्छेद वाचतात. त्याचा उपयोग आहेच. पण अडखळत वाचणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष आपली पाळी कधी येते याकडे असतं, गोष्टीत ते रमतच नाही. शिक्षक वाचू लागले की त्याच मुलाला, स्वतःला अजून वाचता न येणारी मोठी गोष्टही नीट कळते.

यासाठी शिक्षकांची तयारी हवी. आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्याने वाचून बघितलं की कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे आपोआप उमगतं. चित्रांचं पुस्तक असेल तर मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवावं, पान त्यांच्याकडे धरावं आणि चित्र मनसोक्त बघू द्यावं. पान उलटण्याआधी जरासं थांबलं की पुढे काय होणार ते मुलं आपणहून बोलू लागतात. भोपळ्यातल्या म्हातारीचं पालुपद तर मुलांनीच म्हणावं. पाचवी-सहावीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचावा. त्याच्या ‘ट्टॉक’ला सगळा वर्ग साथ देईल. शब्द अडला तर मुलांच्या अहिराणीत, मालवणीत चटकन सांगून पुढे जावं.

आणि थांबावं कुठे, हे साने गुरुजींकडून शिकावं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे. अशा ४२ रात्री. श्याम एक आठवण सांगतो आणि उरलेलं दुसऱ्या रात्रीवर ठेवतो. वर्गातही रोज एक प्रकरण वाचून थांबलं, तर ‘बाई, आज पुढचं वाचणार ना?’ असं मुलंच विचारतील. गोष्ट पोचल्याची याहून मोठी खूण कोणती?

१५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. ती प्रेरणा वर्षभर टिकायची तर वाचून दाखवण्याची दहा मिनिटं रोजच्या वेळापत्रकात हवीत, आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून ती सर्वांत आधी कापली जाता कामा नयेत. ज्या घरात एकही गोष्टीचं पुस्तक नाही, तिथल्या मुलाला पुस्तकाची गोडी लावणारा आवाज बाईंचा किंवा गुरुजींचाच असतो. तो त्याच्या कानी रोज पडला पाहिजे.