दुसरे दार कोण उघडून पाहतो?

1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. 25 माणसे गेली. देह ओळखण्यापलीकडे गेले होते. बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले.

त्यानंतर वेगावर चर्चा झाली. चालकाच्या डुलकीवर झाली, टायरवर झाली, रस्त्याच्या सरळपणावर झाली. एका गोष्टीपाशी मात्र फारसे कोणी थांबले नाही. बस डाव्या बाजूवर पडली. दारही डाव्या बाजूलाच होते. ते बसखाली गेले. वाचलेल्यांनी काच फोडून वाट काढली. बसच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपलेली नव्हती. कागद चालू होता, पण बाहेर पडायला वाट नव्हती.

बसची तपासणी परिवहन विभागाकडे असते, अग्निशमन विभागाकडे नसते, हे खरे. पण पिंपळखुट्याने विचारलेला प्रश्न बसपुरता नाही. बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, ती उघडते का, आणि आत असलेल्यांना ती ठाऊक आहे का? खामगावच्या रुग्णालयात, शेगावच्या लॉजमध्ये, बुलढाण्यातल्या वसतिगृहात आणि चिखलीच्या कोचिंग क्लासमध्येही हाच प्रश्न विचारायला हवा. तो विचारायचा कोणी?

कायद्याचे उत्तर असे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे. हा ‘नमुना ब’. त्यावर सही परवानाधारक एजन्सीची. एजन्सी नेमतो मालक, तिचे पैसे देतो मालक. नगरपरिषदेत पोचतो तो कागद. त्यावर आवक क्रमांक पडतो आणि तो फाइलला लागतो.

ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशाने ती होते, तेव्हा त्या सहीवर दुसऱ्या कोणाची तरी नजर हवी. ती कायद्याने ठेवली आहे. अग्निशमन अधिकाऱ्याला इमारतीत शिरून पाहण्याचा अधिकार आहे, नोटीस देण्याचा आहे, वेळ आलीच तर वीज-पाणी तोडण्याचा आणि इमारत सील करण्याचाही आहे. अधिकार मोठे आहेत. प्रश्न ते वापरणाऱ्या माणसाचा आहे. लहान नगरपरिषदेत बंब असतो, चालक असतो, दोन-चार फायरमन असतात. तपासणीचे काम बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून असते. ज्याचे मूळ टेबल कर वसुलीचे किंवा पाणीपुरवठ्याचे आहे, तो लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर कधी चढणार? आणि चढलाच तर नेमके काय पाहायचे, हे त्याला कोणी शिकवले आहे?

हे काम फार अवघड नाही, पण ते पायांनीच करावे लागते. दुसऱ्या दाराची कडी आतून काढून पाहायची. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीला खेटून दुचाकी लावल्या असतील तर हटवायला लावायच्या. अग्निशामक सिलिंडरवरची भरल्याची तारीख वाचायची, काटा हिरव्यात आहे का ते पाहायचे. जिनिंगमध्ये रुईच्या गंजीपासून उघडी वायर किती हातांवर आहे, हे मोजायचे. आणि ही सगळी पाहणी निदान एकदा रात्री करायची.

रात्री, कारण दिवसा दार उघडे असते. चोरीच्या भीतीने दुसऱ्या दाराला कुलूप पडते ते रात्री. किल्ली मालकाच्या घरी जाते आणि रखवालदाराला ती कुठे आहे हे ठाऊक नसते. माणसे झोपलेली असतात तीही तेव्हाच. शेगावात प्रकटदिनाला लॉजच्या खोल्याच काय, व्हरांडेही भरलेले असतात. त्या रात्री कुलपे पाहायला कोण फिरतो? अकराच्या कार्यालयीन वेळेत झालेली पाहणी त्या रात्रीबद्दल काहीही सांगत नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी आग लागली तीही मध्यरात्रीनंतर. दहा नवजात बाळे गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, 6 नोव्हेंबरला, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात 11 रुग्ण दगावले. ऑडिट म्हणजे अहवाल. तो अहवाल हातात घेऊन ‘हे झाले का?’ असे दर महिन्याला येऊन विचारणारा माणूस त्याच्यामागे नसेल, तर अहवालाने एकही जीव वाचत नाही.

शहरांतल्या मॉलमध्ये आणि उंच इमारतींत फायर मार्शल नेमलेले असतात. तिथे बंब बोलावला तर जवळच्या केंद्रातून येतो. आपल्याकडे संग्रामपूर-जळगाव जामोदच्या टोकाच्या गावांत तो पोचेपर्यंत पहिली मोलाची मिनिटे निघून गेलेली असतात. म्हणजे ज्या जागी बंब उशिरा येणार, तिथे आग लागण्याआधी फिरणाऱ्या माणसाची गरज जास्त. आपण उलटे केले आहे. नवा बंब आला की त्याची पूजा होते, फोटो निघतो. तपासणी अधिकाऱ्याचे पद रिकामे राहिले तर कोणाला कळतही नाही.

जिल्ह्यातल्या 13 तालुका मुख्यालयांत नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे. प्रत्येक ठिकाणी या एकाच कामाला बांधलेला, प्रशिक्षण घेतलेला एक माणूस नेमायला किती खर्च येईल, याचा हिशेब जिल्हा प्रशासनाने मांडावा आणि तो लोकांसमोर ठेवावा. तोपर्यंत मुख्याधिकाऱ्यांनी निदान एक करावे. येत्या जानेवारीपासून ‘नमुना ब’वर एजन्सीच्या सहीशेजारी नगरपरिषदेच्या त्या कर्मचाऱ्याचे नाव, हुद्दा आणि तारीख घ्यावी, ज्याने दुसरे दार स्वतः, रात्री, आतून उघडून पाहिले. ज्या इमारतीपुढे असे नाव नसेल, तिची यादी नगरपरिषदेच्या फलकावर लावावी.