‘निसर्गाविरुद्ध’ : एका शब्दाचे दोन न्याय

१/ कलम ३७७ मधील ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे शब्द प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निष्प्रभ केले. ते १८६० च्या दंडसंहितेतले असले तरी त्यांमागील विचार मध्ययुगीन कॅथलिक धर्मशास्त्राचा आहे. तेथे आणखी एक कृत्य निसर्गाविरुद्ध मानले जाई : व्याज घेणे.

२/ आधी एक गैरसमज दूर व्हावा. ‘प्राण्यांतही समलैंगिकता आढळते’ हा समाजमाध्यमांवरील आवडता युक्तिवाद येथे फारसा लागू पडत नाही. थॉमस अक्वायनसच्या (मृत्यू १२७४) लेखी निसर्ग म्हणजे अरण्य नव्हे, तर बुद्धीला उमगणारे प्रयोजन. कामवासनेचे प्रयोजन प्रजोत्पत्ती. त्याला मुळातच वाव न देणारी कृती निसर्गाविरुद्ध.

३/ हे सूत्र कोठवर जाते ते पाहावे. ‘सुम्मा थिओलॉजिए’तील कामविषयक पापांच्या प्रतवारीत अशी सर्व कृत्ये, हस्तमैथुनासह, बलात्कार आणि व्यभिचार यांहून गंभीर ठरतात. बलात्कारात प्रजोत्पत्तीचा क्रम मोडत नाही ना! ज्या मापात अत्याचारित स्त्रीची वेदना हलकी भरते, ते मापच तपासावयास हवे.

४/ आता व्याज. पैसा विनिमयासाठी आहे, त्यापासून पैसा जन्मवणे अनैसर्गिक, हे अ‍ॅरिस्टॉटलचे मत अक्वायनस अनुमोदनपूर्वक सांगतो. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने ११ व्या नियमान्वये ‘निसर्गाविरुद्ध’ वागणाऱ्या धर्मगुरूंना पदच्युती किंवा मठवासाची आणि सामान्यांना बहिष्काराची शिक्षा ठरवली. २५ व्या नियमान्वये उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनही नाकारले. दान्तेच्या नरकात दोघेही एकाच तप्त वाळूवर, एकाच अग्निवर्षावाखाली आहेत.

५/ पुढे काय झाले? चौदाव्या बेनेडिक्टने १७४५ मध्ये व्याजाचा पुन्हा निषेध केला. १९१७ च्या धर्मसंहितेने मात्र कायदेशीर व्याजास मुभा दिली, आणि १९४२ मध्ये व्हॅटिकनची स्वतःची बँक उभी राहिली. व्याजखोर वाळूवरून उठून गेला; शेजारी तेथेच राहिला.

६/ चर्चचे कैवारी म्हणतात : तत्त्व बदलले नाही, पैशाचे स्वरूप बदलले; निष्फळ नाणे भांडवल झाले. हा बचाव वजनदार आहे. पण तो मान्य केला, तर वस्तूविषयीचे ज्ञान वाढल्यावर निसर्गनियमाचा निकालही फेरतपासणीस येतो, हे मान्य करणे भाग आहे. मग पैशाला मिळालेली ती सवलत माणसाला का नाही?

७/ १९९२ च्या कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाचा, परिच्छेद २३५७ पाहावा. समलैंगिकतेची मानसिक उत्पत्ती बव्हंशी अज्ञात असल्याची कबुली त्यात आहे. आणि ही कृत्ये निसर्गनियमाविरुद्ध असून कोणत्याही परिस्थितीत मान्य होऊ शकत नाहीत, हा निकालही त्यातच आहे. तपास अपुरा, शिक्षा कायम! पुढच्याच परिच्छेदात अशा व्यक्तींना आदराने आणि करुणेने वागवण्याचा उपदेश येतो.

८/ डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विधीबाह्य आशीर्वाद देण्यास अनुमती दिली. परिच्छेद २३५७ मधील निकालाला हात लावला नाही.