मालक वारीला, दुकान चालू

मुंबईचे डबेवाले दरवर्षी चैत्राच्या सुमारास जत्रेसाठी मावळ, मुळशी, जुन्नरकडे आपापल्या गावी जातात. पाच-सहा दिवस डबा बंद. तारखा ग्राहकांना आधीच कळवलेल्या असतात, त्यामुळे कुणी कुरकुरत नाही. १८९० पासूनच्या या धंद्याचं त्यानं काही बिघडलं नाही.

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात मात्र दुकानदाराला लग्नाला जायचं तरी शटर ओढावं लागतं. आषाढी वारी तर ऐन पेरणीच्या दिवसांत. कृषी सेवा केंद्राच्या मालकानं तेव्हा पंढरपूर गाठायचं म्हणजे धाडसच! अनुदानित खत पॉस मशीनशिवाय विकता येत नाही, क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. आणि उधारीची वही? निम्मी वहीत, निम्मी डोक्यात.

खरी अडचण माणसांची नसते, या डोक्यातल्या निम्म्या वहीची असते. ती आधी कागदावर उतरवावी. कुणाला किती उधार द्यायचं, याचा आकडा नोकराला लिहून द्यावा. गल्ल्यावर साउंडबॉक्स ठेवला की पैसे जमा झाल्याचं मालकाला फोन करून विचारावं लागत नाही. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांची ३बी विवरणपत्राची मुदत २० तारखेची. कागद कर सल्लागाराकडे निघण्यापूर्वीच पोचवावेत.

रंगीत तालीम उन्हाळ्यात, गिऱ्हाईक कमी असताना घ्यावी. एक अख्खा दिवस मालकानं दुकानात फिरकू नये, फोनही उचलू नये. संध्याकाळी जे अडलं असेल, तीच तयारीची यादी.

२०२६ ची आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. जायचं असेल तर तारीख दुकानाच्या फळ्यावर आत्ताच लिहा.