तसबीर वाकवूनच लावावी



तसबीर नाही असे घर आपल्या हसनाबादला सापडायचे नाही. कुणाकडे विठ्ठल-रखुमाई, कुणाकडे शिवाजी महाराज, कुणाकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तर कुणाकडे मक्का-मदिना. वारलेल्या आजोबा-पणजोबांचे फोटो तर घरोघर आहेत. तसबीर कोणती लावावी यावर सगळे बोलतात. पण कशी लावावी यावर कोणीच बोलत नाही. म्हणून मी माझे मत लिहिते. तसबीर भिंतीला सपाट बसवू नये. वरची बाजू पुढे वाकलेली अशी लावावी.

पूर्वी पुष्कळ घरांत तशीच लावायचे. खाली दोन खिळे ठोकायचे आणि त्यांवर चौकट टेकवायची. वरच्या बाजूला दोरी बांधून ती वरच्या खिळ्याला अडकवायची. दोरी जरा सैल सोडली की तसबीर पुढे वाकते. आता गावात स्लॅबची घरे झाली. गिलाव्याच्या गुळगुळीत भिंतीवर लोक तसबीर घट्ट बसवतात आणि म्हणतात, "अशीच छान दिसती."

गुरुजींनी आम्हाला सांगितले, की राजा रविवर्मा नावाच्या मोठ्या चित्रकाराने १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथे दगडावरून चित्रे छापत. एकेका रंगाला वेगळा दगड लागे. त्यामुळे लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे स्वस्त झाली आणि साध्या माणसांच्या भिंतीवर आली. एवढी चांगली वस्तू घरात आली, तर ती नीट दिसली पाहिजे ना!

वाकवून लावण्याचे तीन फायदे आहेत.

पहिला फायदा बसणाऱ्या माणसाचा. आपण जेवायला, अभ्यासाला खाली बसतो. सपाट तसबिरीच्या काचेवर दाराचा उजेड चमकतो आणि चेहरा दिसत नाही. माझ्या आजीचे गुडघे दुखतात. ती दिवसभर ओसरीत बसून असते. आजोबांचा फोटो वाकवलेला आहे, म्हणून तिला खालून दिसतो. ती म्हणते, "तुझे आजोबा माझ्याकडंच बघायलेत बघ."

दुसरा फायदा तसबिरीचा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. सपाट तसबिरीचा पुठ्ठा ती ओल धरतो आणि चित्राला डाग पडतात. वाकवली तर मागून वारा खेळतो.

तिसरा फायदा चिमणीचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. चिमणीला सुतारपक्ष्यासारखे भोक पाडता येत नाही. तिला तयार सांदीच लागते. माळवदाच्या घरात लाकडांच्या मधे पुष्कळ सांदी असायच्या. स्लॅबला एकही सांद नाही. मग चिमणीने जावे कुठे? तसबिरीच्या मागची जागा तिला बरोबर पुरते. खालून आधार, वरून सावली, आणि मांजराचा पंजाही पोचत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आजोबांच्या फोटोमागे चिमणीने घरटे केले. पिल्ले निघाली तेव्हा मी तीन चोची मोजल्या. चिमण्या दिवसभर अळ्या आणून भरवत होत्या. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना किडे-अळ्या लागतात. म्हणजे ती शेतकऱ्याच्याच कामी येते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी पुढाकार घेतला आणि २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. पण एक दिवस पाळून काय होणार? तिला राहायला जागा पाहिजे.

काही जण म्हणतील, चिमणी काड्या पाडते, घाण करते. ते खरे आहे. पण खाली जुना पेपर अंथरला की झाले. रोज सकाळी तो उचलायचे काम माझ्याकडे होते. मला पाच मिनिटेसुद्धा लागायची नाहीत.

एक काळजी मात्र घ्यावी. वर पंखा असेल त्या खोलीत चिमणीला बोलावू नये. त्याच उन्हाळ्यात एक चिमणी पंख्याला लागून मेली. मला त्या दिवशी जेवण गेले नाही. म्हणून वाकवलेली तसबीर ओसरीत किंवा पडवीत लावावी. आणि दिवाळीला साफसफाई करताना तसबीर काढायच्या आधी मागे बघावे. अंडी किंवा पिल्ले असतील तर ती भिंत राहू द्यावी. पिल्ले साधारण पंधरा दिवसांत उडतात. तेवढे थांबले तर दिवाळी काही पळून जात नाही.

आमचे स्लॅबचे घर आता होत आले आहे. बाबांना तिथे सगळ्या तसबिरी सपाट पाहिजेत. मी त्यांना म्हणाले, "बाबा, देवाच्या तसबिरी तुम्ही म्हणाल तशा लावा, पण आजोबांचा फोटो ओसरीत वाकवूनच लावा." बाबा अजून हो म्हणाले नाहीत. आजी माझ्या बाजूने आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एक तरी तसबीर वाकवून लावायला सांगा. दोरी फक्त चार बोटे सैल सोडायची आहे. त्याला पैसा लागत नाही.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी