जागा आपली, दरही आपणच ठरवू या

आमच्या वस्तीतली एक ताई दिवसभर शिवणकाम करते आणि रात्री वधू-वरांची एक छोटी वेबसाईट सांभाळते. बौद्ध मुलामुलींचे बायोडाटा ती फुकट टाकते. वेबसाईटचा वर्षाचा खर्च तिच्याच पदरचा. तो निघावा म्हणून तिने एका बड्या कंपनीच्या आपोआप येणाऱ्या जाहिराती लावल्या. आणि झाले काय? बायोडाट्याच्या शेजारीच ‘कुंडली जुळवून पाहा’ अशी जाहिरात झळकली! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या पानावर कुंडली!

असल्या व्यवहारात कोणती जाहिरात लागणार हे कंपनीचे यंत्र ठरवते. काही प्रकार बंद करता येतात. पण बहुतेक जाहिराती आपल्या आधी लोकांनीच पाहिलेल्या असतात. दरही आपला नसतो. पाहणारे थोडे असले की हाती पैसे पडतात तेही नाममात्र.

जागा दुसऱ्याच्या हातात असली की होकार-नकारही त्याचाच असतो, हे आपल्याला नवीन नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. आज स्वतःची जागा असूनही ती दुसऱ्याच्या हवाली का करावी?

२००५ साली इंग्लंडमध्ये ॲलेक्स ट्यू नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने शिक्षणाच्या खर्चासाठी एक वेबपान बनवले. त्याचे दहा लाख बारीक ठिपके पाडले आणि ठिपक्याला एक डॉलर असा दर लावला. कमीत कमी १०० ठिपके घ्यायचे. जानेवारी २००६ पर्यंत सगळी जागा खपली आणि १०,३७,१०० डॉलर जमा झाले. त्या नव्या कल्पनेचा गाजावाजा झाला म्हणून एवढी रक्कम आली. त्याची नक्कल करणाऱ्यांना ते साधले नाही. आपण त्याच्याकडून एवढेच घ्यावे : जागा आपली, दर आपला आणि विक्री थेट.

ताईने आता तसेच केले आहे. पानावर सहा चौकटी आखल्या. प्रत्येकीचा आकार आणि महिन्याचा दर, २०० रुपये, तिथेच लिहून ठेवला. गिऱ्हाईक मोबाईलवर चौकट निवडतो, महिना निवडतो, चित्र चढवतो आणि यूपीआयने पैसे भरतो. कोणाच्या दारात जावे लागत नाही, मधला दलालही नाही. मंडपवाला, फोटोग्राफर, टेम्पोवाला, शिवणक्लास अशी आपल्याच परिसरातली माणसे आली.

कोणाला असे करायचे असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. ताईने पाहिल्याशिवाय एकही जाहिरात लागत नाही आणि नाकारली तर पैसे पूर्ण परत, हे आधीच लिहिलेले आहे. चौकटीवर ‘जाहिरात’ हा शब्द हवाच. वाचकाला फसवू नये. महिन्याला किती लोक पान पाहतात तो आकडा खराच सांगावा. जागा कायमची विकू नये, महिन्याच्या बोलीनेच द्यावी. आणि आल्या-गेल्या पैशांची नोंद वहीत ठेवावी.

काय घ्यायचे नाही, हेही ठरवावे. तथागतांनी उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मद्य आणि विषही आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना तर २०२५ च्या कायद्यानेच बंदी आहे.

मागच्या महिन्यात ताईची परीक्षा झाली. एका ज्योतिषाने एका चौकटीचे वर्षाचे २४०० रुपये एकदम भरले. त्यात वेबसाईटचा खर्च भागून वर चार पैसे उरले असते. घरात मुलाच्या फीची तारीख जवळ आलेली. रात्री तिने नवऱ्याशी बोलून पाहिले. तो म्हणाला, “तुझं पान, तू ठरव.” सकाळी तिने पैसे परत पाठवले.

ती चौकट अजून विकली गेलेली नाही. तिथे सध्या विहारातल्या अभ्यासिकेची वेळ लिहिलेली आहे, फुकट. फी भरायला ताईने दोन ब्लाउज जास्तीचे शिवायला घेतले. आपल्यापैकी कोणाचा छोटा धंदा असेल, तर अशा पानावर एक महिना जाहिरात जरूर देऊन पाहावी. आपल्या माणसाने नकार देण्याची हिंमत दाखवली, तर त्याची रिकामी चौकट भरणे हे आपलेच काम आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!