फावडी विकणाऱ्याची अर्धीच गोष्ट



"सोनं खणू नका, खणणाऱ्यांना फावडी विका." बिझनेसच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य हमखास येतं. मी पण माझ्या व्हिडिओत वापरलंय. उदाहरण म्हणून कोण? अमेरिकेचा लेलँड स्टॅनफर्ड. खाणकामगारांना माल विकणारा दुकानदार, पुढे कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, रेल्वे कंपनीचा अध्यक्ष, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचा संस्थापक. ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो, आणि त्याने नवीन माणसाचं नुकसान होतं, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

दुकानाचा भाग खरा आहे. १८५२ मध्ये विस्कॉन्सिनमधलं त्याचं वकिलीचं ऑफिस पुस्तकांसकट जळालं आणि तो कॅलिफोर्नियाला गेला. तिथे भावांचा व्यापार आधीच चालू होता. म्हणजे अगदी शून्यातून वगैरे नाही!

पण दुकानाने तो फक्त सुस्थितीत आला. गडगंज केलं ते रेल्वेने. १८६१ मध्ये थिओडोर ज्यूडा या इंजिनियरच्या योजनेवर सॅक्रामेंटोच्या व्यापाऱ्यांनी सेंट्रल पॅसिफिक कंपनी काढली. किराणावाला, कापडवाला, हार्डवेअरवाले दोघे. अध्यक्ष स्टॅनफर्ड. जानेवारी १८६२ मध्ये तो गव्हर्नर झाला, पण कंपनीचं अध्यक्षपद सोडलं नाही. राज्याने रेल्वेला मदतीचे कायदे केले ते याच्याच कारकिर्दीत. आज आपल्या गावच्या नगराध्यक्षाने असं केलं तर आपण काय म्हणू?

पुढे ऐका. केंद्र सरकार बाँडच्या रूपाने कर्ज देणार होतं. सपाट जमिनीवर मैलाला १६,००० डॉलर, डोंगरात ४८,०००. मग डोंगर सुरू कुठे होतो? राज्याच्या भूगर्भशास्त्रज्ञाने सांगितलं, आर्केड क्रीकपाशी. सॅक्रामेंटोपासून जेमतेम ७ मैल, डोळ्यांना दिसते ती सपाट जमीन! लिंकनने ते मान्य केलं. बांधकामाचं मोठं कंत्राटही पुढे याच मंडळींनी स्वतःच काढलेल्या कंपनीला गेलं. आणि चिनी लोकांच्या येण्याला जाहीर विरोध करणाऱ्या या गव्हर्नरची रेल्वे बांधली कोणी? हजारो चिनी मजुरांनी, गोऱ्यांपेक्षा कमी पगारात.

त्याची हिंमत मी नाकारत नाही. सिएरा नेवाडातून रेल्वे नेणं सोपं नव्हतं, १८६९ मध्ये ती पूर्ण झाली. पण तुम्ही दोन वर्षं इमानदारीने दुकान चालवून "सर, आपण स्टॅनफर्ड का होत नाही?" असं विचारता, तेव्हा तुमची तुलना दुकानाशी होतच नसते. ती सरकारी बाँडशी होत असते. दुकानाचा हिशोब दुकानाशीच लावा.

आणि तो ज्यूडा? ज्याच्या डोक्यातून ही रेल्वे निघाली, त्याचं या व्यापाऱ्यांशी बिनसलं. त्यांचा हिस्सा विकत घेणारे भांडवलदार शोधायला तो पूर्वेकडे निघाला, वाटेत पनामात ताप लागला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये गेला. पुढच्या बॅचला ही गोष्ट सांगेन तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करणार आहे.