उपासनेचे स्वातंत्र्य की मेहेरबानी?

आणीबाणी लागू झाली तेव्हा राजापूरचे खासदार मधू दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात होते. २६ जून १९७५ रोजी त्यांना तेथेच वाजपेयी, अडवाणी यांच्यासह अटक झाली, हे राजधानीतील मराठी वाचकांना स्मरत असेल. त्याच शहरात रुजलेल्या एका उदारमतवादी ख्रिस्ती परंपरेने आणीबाणीला केलेला विरोध मात्र विस्मरणात गेला आहे.

एम. एम. थॉमस हे या परंपरेचे प्रमुख भाष्यकार. केरळच्या मार थोमा चर्चचे ते अनुयायी, धर्मगुरू नव्हेत. धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी १९५७ मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या ख्रिस्ती संस्थेचे ते १९६२ पासून संचालक होते. आणीबाणीत चर्चची दारे बंद झाली नव्हती, रविवारची प्रार्थनाही चालू होती. त्यामुळे अनेक चर्चनेत्यांनी मौन पाळले, काहींनी समर्थनही केले. थॉमस यांनी उघड विरोध केला. नागरिकाचे हक्क गेल्यावर उरलेले उपासनेचे स्वातंत्र्य ही सरकारची मेहेरबानी असते, हे त्यांच्या भूमिकेचे सार होते.

आणीबाणी उठण्यापूर्वीच, जानेवारी १९७७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा दिला. राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांना त्याचाच आधार मिळाला. कर्नाटकाच्या २०२२ च्या कायद्याने तर धर्म बदलण्याआधी ३० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापन देणे बंधनकारक केले आणि त्यावर हरकती मागवण्याची तरतूद केली. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. परंतु अन्य अनेक राज्यांत असे कायदे आहेत.

सक्ती वा फसवणूक रोखणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण सज्ञान नागरिकाच्या श्रद्धेची नोटीस कचेरीच्या फलकावर लागावी काय, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. बंगळुरातील चर्चनेत्यांनी २०२१ मध्ये या कायद्याच्या विधेयकाला विरोध केला, तो रास्तच होता. मात्र आंतरधर्मीय विवाह करणारे जोडपे किंवा खटल्याविना तुरुंगात असलेला अन्यधर्मीय यांच्यासाठीही तोच आवाज उठला, तरच त्या विरोधाला नैतिक बळ येईल. केवळ स्वतःपुरते मागितलेले स्वातंत्र्य सवलत ठरते, आणि सवलत काढून घेणे कोणत्याही सरकारला अवघड नसते.